टाळी आणि परीक्षण

बौद्धिक दिव्यांग कलावंतांच्या मेळाव्यांत टाळ्या बहुधा पडदा वर जातांच पडतात. कला पाहण्यापूर्वींच दिलेली ही दाद दयाबुद्धीची असते. आणि ज्याचे दोष दाखविण्यास आपण कचरतों, त्याला आपण अद्याप कलावंत मानलेलें नसतें.

या दृष्टीनें महेश लिमये यांचा 'यलो' (२०१४) हा मराठी चित्रपट विचारार्ह आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्या जीवनावर तो आधारलेला असून मोठेपणींची गौरी त्यांनीं स्वतःच साकारली आहे. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला, तो सार्थ होय. पाण्यांत त्यांच्या देहाला जो सहज विश्वास येतो, तो निष्णात नटीलाही उसना आणतां आला नसता. तथापि आईची जिद्द व अखेरचें यश यांचाच मोह कथेला अधिक पडला आहे; गौरीचें मन तिच्यापेक्षां भोवतालचीं माणसेंच फार सांगतात. हा उणेपणा पटकथेच्या पदरीं घालावा लागतो.

हर्सूलसारख्या ठिकाणीं असा कलामहोत्सव भरल्यास प्रेक्षकांनीं टाळी क्षणभर हातची राखावी, आणि प्रयोग रंगला म्हणजे ती मोकळ्या मनानें द्यावी. कलावंताचा मान त्यांतच आहे.