'मॅरिगोल्ड' (२००७) : शिकण्याविना आलेले गाणे

विलार्ड कॅरोल या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'मॅरिगोल्ड' हा संगीतपट २००७ साली प्रदर्शित झाला. अली लार्टर व सलमान खान यांच्या प्रमुख भूमिका, शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत, जावेद अख्तर यांची गीते, वैभवी मर्चंट यांचे नृत्यदिग्दर्शन. एवढी जाणती मंडळी हाताशी असूनही चित्रपट फसला. परंतु तो हेटाळणीपोटी फसलेला नाही, हे प्रथम नमूद करावयास हवे. हिंदी चित्रपटाविषयीची दिग्दर्शकाची आवड त्यात पदोपदी जाणवते, आणि म्हणूनच त्याची चूक तपासण्याजोगी ठरते.

दुय्यम चित्रपटांत काम करणारी एक तोरेबाज अमेरिकन नटी चित्रीकरणासाठी गोव्यात येते, तो तिचा चित्रपटच बारगळलेला. दुसऱ्या एका हिंदी चित्रपटात तिची वर्णी लागते. तिला नाचता येत नाही. प्रेम नावाचा नृत्यदिग्दर्शक तिला शिकवतो आणि पुढे तो राजस्थानातील राजपुत्र निघतो. (नायिकेला नुसता नृत्यदिग्दर्शक का पुरू नये, हा प्रश्न पटकथेला पडत नाही!)

परक्या कलेपुढे उभे राहिलेल्या माणसाची तारांबळ, हा खरा नाट्यविषय होता. 'मॅरिगोल्ड' तो काही प्रसंगांत उरकून टाकतो. नागपूरकर वाचकाला येथे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) आठवल्याशिवाय राहणार नाही. त्यातही एक शिष्य दुसऱ्या घराण्याचे गाणे शिकू पाहतो. पण त्यासाठी त्याला खाँसाहेबांच्या हवेलीत ओळख लपवून चाकरी करावी लागते. नकार, मत्सर, चोरून ऐकणे आणि अखेरचा स्वीकार हे सारे पदांमधूनच घडते. पदे काढून घेतली तर नाटकच उरत नाही. 'मॅरिगोल्ड'मधील गाणी काढली तर कथानक जागचे हलत नाही, फक्त लांबी कमी होते. गाणे म्हणजे भारतीय चित्रपटाचा पोशाख, अशी दिग्दर्शकाची समजूत झालेली दिसते.

'कट्यार'चे संगीतकार जितेंद्र अभिषेकी हे गोव्यातील मंगेशीचे. 'मॅरिगोल्ड'चा गोवा मात्र केवळ किनारा आहे. त्यात मांडो नाही, तियात्र नाही, देवळांच्या उत्सवांत होणारी मराठी नाटकेही नाहीत. याहून मोठा विरोधाभास वेगळाच आहे. अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी पाश्चात्त्य स्वरलेखन व स्वरमेळ हिंदी चित्रगीतात दशकांपूर्वीच मुरवला होता. पश्चिम आणि भारत यांची जी सांगीतिक भेट कॅरोल घडवू पाहतात, ती गोव्याच्या माणसांनी आधीच घडवून ठेवली होती. त्याच भूमीवर कॅमेरा लावूनही त्यांना ती दिसली नाही.

अर्थात या दृष्टिदोषाचे सारे खापर परदेशी दिग्दर्शकावर फोडणे न्याय्य होणार नाही. गोव्याकडे सुटीचे ठिकाण म्हणून पाहण्याची सवय आपल्याच हिंदी चित्रपटाची आहे. कॅरोल यांनी तो धडा तेवढा नीट गिरवला आहे.