स्पर्धेतील विजेता आणि जैविक कीडनियंत्रण : एका अभ्यासाची चिकित्सा

परोपजीवी मित्रकीटकांमधील स्पर्धेची चर्चा करताना पॉल डीबॅख व सन्डबी यांच्या १९६३ मधील अभ्यासाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. या अभ्यासाचे महत्त्व मान्य करून त्यावरून काढल्या जाणाऱ्या एका सरधोपट निष्कर्षाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांमध्ये लाल खवले किडीवर अफायटिस क्रायसोम्फाली हा सूक्ष्म परोपजीवी कीटक विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळत होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस चीनमधून आणलेल्या अफायटिस लिंग्नानेन्सिस या जातीने त्याची जागा बहुतांशी घेतली. पुढे १९५६-५७ मध्ये भारत व पाकिस्तानातून अफायटिस मेलिनस आणली गेली आणि काही वर्षांतच समुद्रापासून दूरच्या उष्ण भागांतून तिने लिंग्नानेन्सिसला विस्थापित केले. किडीचे नियंत्रणही सुधारले.

हे विस्थापन प्रत्यक्ष बागांमध्ये नोंदवणे, हे या अभ्यासाचे बलस्थान होय. तथापि, 'जिंकणारी जात तीच उत्तम नियंत्रक' असा अर्थ त्यातून काढला जातो, तेव्हा विजयाचे कारण दुर्लक्षित राहते. लक व पोडोलर यांनी १९८५ मध्ये त्याचे एक पटण्याजोगे कारण मांडले. अफायटिसची मादी मोठ्या खवल्यांवर मादी संततीची, तर लहान खवल्यांवर नर संततीची अंडी घालते. मेलिनस तुलनेने लहान खवल्यांवरही मादी संतती वाढवते. परिणामी, लिंग्नानेन्सिसला उपयुक्त ठरण्याइतके मोठे होण्यापूर्वीच अनेक खवले मेलिनसच्या वाट्याला जातात.

येथे स्पर्धेतील यश आणि कीडनियंत्रण हे दोन्ही एकाच गुणातून साधले. हा योग प्रत्येक वेळी जुळेलच असे नाही. एकाच यजमानात दोन जातींच्या अळ्या असता दुसरीला मारणारी जात विरळ कीड शोधण्यात दुबळी असू शकते. एन्कार्सियाच्या काही जातींत नर हे स्वजातीच्या वा अन्य परोपजीवींच्या अळ्यांवर वाढतात. अशी जात प्रतिस्पर्ध्याला हटवेल, परंतु त्यामुळे कीड घटेलच असे नाही.

म्हणून 'अनेक जाती सोडाव्यात, निवड निसर्ग करील' हे सूत्र वर्गात सांगताना सावधगिरी आवश्यक आहे. निसर्ग प्रतिस्पर्ध्यावर मात करणाऱ्याची निवड करतो. शेतकऱ्याला मात्र कीड किमान पातळीवर राखणारा हवा असतो. मित्रकीटक सोडल्यानंतर केवळ परोपजीवीकरणाची टक्केवारी नोंदवणे त्यामुळे अपुरे आहे. झाडावर उरलेली कीड मोजणे, हीच खरी कसोटी होय.