कन्व्हर्जन रेट

‘कन्व्हर्जन रेट’ हा शब्द मी ऑफिसात रोज वापरते. अ‍ॅप उघडणाऱ्या शंभर जणांपैकी किती जणांनी पैसे भरले, तो आकडा. तो घसरला की मीटिंग लागते आणि आम्ही बटणाचा रंग बदलतो. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांच्या ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ (२०१६) या पुस्तकात तोच शब्द भेटला, तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तिथे तो मोजतो, तपासायला आलेल्यांपैकी किती पेशंट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचले.

देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून हे पुस्तक झालंय. गद्रे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ, लासलगावात बरीच वर्षं प्रॅक्टिस केलेले. त्यामुळे बाहेरून दगड मारल्याचा सूर कुठे नाही. घरातलाच माणूस बोलतोय.

या विषयावर आपल्याला सवय आहे ती ‘गब्बर इज बॅक’ची. मेलेल्या माणसावर उपचार चालू ठेवून बिल वाढवणारं हॉस्पिटल आणि त्यांना पकडणारा अक्षय कुमार. क्लिप बघून बरं वाटतं, कारण त्यात खलनायक दिसतो. पुस्तकात तो सापडत नाही. कट प्रॅक्टिस आहे, टार्गेट आहे, मशीनचं कर्ज आहे आणि मधे बसलेला एक बऱ्यापैकी सज्जन माणूस. मला तो जास्त भीतीदायक वाटला. कदाचित ओळखीचा वाटला म्हणून.

पण एक गोष्ट खटकली. साक्ष डॉक्टरांची आहे, पेशंट फक्त त्यांच्या बोलण्यातून येतो. बीडच्या ऊसतोड बायकांचंच घ्या. २०१९मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढल्याचं आढळलं. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, आणि अंगावरून पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेलं तर ‘कॅन्सर होईल’ ऐकायचं. अशी बाई स्वतःच सही करते. तिच्या हिशेबात ते ऑपरेशन अनावश्यक होतं का? हा प्रश्न डॉक्टरांना विचारून सुटत नाही.

माझ्या आईची पिशवी मी दहावीत असताना काढली. ती अडतीसची होती. तालुक्याच्या गावातलं हॉस्पिटल, दोन दिवसांत निर्णय, ‘पुढे कॅन्सरचा धोका’ हे वाक्य. ‘डॉक्टर देवासारखे भेटले,’ असं आई अजून म्हणते. पुस्तक संपल्यावर मी तिच्याकडे फाईल मागितली. आत एक सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि बिल. काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट नाही. म्हणजे तो केलाच नव्हता, की आम्हाला दिला नव्हता, की बाबांनी हरवला? आता कळायला मार्ग नाही. तिला तेव्हा रक्तस्राव खूप व्हायचा, हेही खरं.

‘काय शोधतेयस गं?’ आईने विचारलं.

‘काही नाही, पुस्तकात एक वाचलं होतं.’

तिने फाईल कपाटात ठेवली. पुढच्या आठवड्यात तिला गुडघा दाखवायचाय. त्याच हॉस्पिटलात.