कष्टाळू, नमाजी... आणि पुढे?

आपल्या वार्षिकांतून आणि स्मरणिकांतून मरहूम वडिलांवर लिहिलेले लेख आम्ही अनेक वर्षे आस्थेने वाचत आलो आहोत. आता त्यांचा साचा पाठ झाला आहे. वडील फजरला उठत. पाच वक्त नमाजी होते. हलाल कमाईशिवाय घरात दाणा आणला नाही. पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली. हिंदू बांधवही त्यांना मान देत. जनाज्याला सारा गाव लोटला. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

या दुआला आम्हीही आमीन म्हणतो. पण लेख मिटल्यावर तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. नाव बदलले की हाच लेख परभणीच्या तांबोळ्यालाही लागू पडतो आणि मिरजेच्या सतारमेकरालाही.

असे का व्हावे? लिहिणाऱ्याचे प्रेम कमी असते असे नाही. आम्हांस वाटते, हे लेख वडिलांची आठवण म्हणून सुरू होतात आणि हळूहळू चारित्र्याचा दाखला होऊन बसतात. समोर आपले वाचक असले तरी लेखकाच्या मनात कोणी तिऱ्हाईत बसलेला असतो, आणि त्याला पटवायचे असते की आमचे वडील चांगले होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दाखल्यावर सही-शिक्का असतो, चेहरा नसतो.

जालना जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. येथील मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या फळाच्या व्यापारात बागवान पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फळ झाडावर असतानाच बागवान बाग उक्ती घेतो, इसार देतो, राखण बसवतो आणि पुढे तोडणी करून माल बाजारात नेतो. झाडाखाली उभे राहून नुसत्या नजरेने किती माल निघेल ते सांगणे, ही त्याची विद्या. ती कोणत्याही शाळेत मिळत नाही. आता अशा बागवानाच्या मुलाने लिहिले की अब्बा कष्टाळू होते, तर ही सारी विद्या एका शब्दात गाडली गेली.

आणि दीनदारी? झाडावरचे फळ पक्व होण्याची चिन्हे दिसेपर्यंत विकू नये, अशी मनाई हदीसमध्ये आहे. फुकहांनी तिच्यावर पुष्कळ चर्चा केली आहे. कारण उघड आहे: फळ गळाले, गारपीट झाली, तर एकाचे पैसे दुसऱ्याला कशाच्या बदल्यात? बाजार मात्र फळ लिंबाएवढे असतानाच, कधी फुलावरच बोली लावतो. नमाजी बागवानाने थांबावे तर बाग दुसऱ्याच्या हाती जाते. न थांबावे तर मन खाते. 2012 च्या दुष्काळात जालन्यातल्या बागा उभ्या वाळल्या, शेतकऱ्यांनी हाताने वाढवलेली झाडे तोडली. त्या वर्षी इसार देऊन बसलेल्या माणसाने काय केले? शेतकऱ्याकडे पैसे मागितले, की सोडून दिले? ईमानाची परीक्षा मुसल्यापेक्षा इथे अधिक झाली असणार. हा प्रसंग लिहिणारा मुलगा आम्हाला अजून भेटायचा आहे. आमच्या लेखांत मात्र नमाज एका परिच्छेदात येते आणि धंदा दुसऱ्यात. दोघांची गाठच पडत नाही.

भाषेचेही तसेच. घरात आयुष्यभर ‘हौ’, ‘नक्को’, ‘कायकू’ बोललेले वडील लेखात आले की क्रमिक पुस्तकातली मराठी बोलू लागतात. नाहीतर एकदम ‘बेटा, तालीम हासिल करो’ असे सिनेमातले उर्दू. मराठवाड्यातल्या माणसाचे बाजारातले मराठी, घरातले दखनी आणि मशिदीतले उर्दू यांचे तीन पदर असतात. ते उसवले की माणूसच उसवतो. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ 1993 मध्ये आले. निवृत्त वडिलांनी मुलाच्या आग्रहाखातर लिहिलेल्या आठवणी त्यात आहेत. ‘वडील’ नव्हे ‘बाप’, ‘आणि’ नव्हे ‘आन्’. वेशीवरच बोली उभी आहे. त्या बापाला कोणाच्या दाखल्याची गरज पडली नाही. आमच्याकडेही नोंदवहीत चार ओळी लिहून ठेवणारे बुजुर्ग असतात, पण ती वही उर्दूत असते आणि नातवाला उर्दू वाचता येत नाही.

मौनाचाही एक भाग आहे. आमच्या वडिलांची पिढी 1948 च्या सप्टेंबरात पोरवयात होती. निजामाचे राज्य संपले त्या दिवसांत मराठवाड्यात, विशेषतः तेव्हाच्या उस्मानाबाद आणि नांदेड भागात, जे घडले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. राज्यभरातील मृतांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजार होता. अहवाल कित्येक दशके वाचकांना मिळत नव्हता. घराघरातले वडीलही त्यावर बोलले नाहीत. न बोलणे हा त्यांचा स्वभाव होता, भीती होती, की सबर? लेखक विचारत नाही. थेट नोकरीच्या तारखेवर येतो.

शेवटी जालन्याचे उर्दू शायर शम्स जालनवी यांच्याविषयी. तखल्लुसात सूर्य आणि गाव दोन्ही. नव्वदी ओलांडल्यावरही ते सायकलवरून घरोघर वर्तमानपत्रे टाकत. जुलै 2020 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्यावर आम्ही वाचलेल्या बहुतेक मजकुरात सायकल ठळक आहे: केवढे हे कष्ट, केवढी ही खुद्दारी! खरेच आहे ते. पण मुशायऱ्यात या माणसाची गझल लोक ऐकत होते. पहाटे गठ्ठे सोडताना, पायडल मारताना मिसरा जुळत असेल काय? जुळलेला कुठे टिपत असतील? सायकलचे छायाचित्र सर्वांना मिळाले. गझलेविषयी मराठीत लिहिलेले आमच्या वाचनात फार थोडे आले. जालन्यात त्यांना ऐकलेले लोक अजून आहेत, त्यांच्यापैकी कोणी लिहील तर पुढच्या अंकात आधी तो लेख उघडू.