गदर, गद्दर आणि गद्दार : एका पहिल्या गीतसंग्रहाविषयी

सीमाभागातल्या माणसाचे कान दोन भाषांना सरावलेले असतात. पण पुष्कळदा तो अर्थ मात्र एकाच भाषेचा लावतो. तेलुगू लोकशाहीर गद्दर यांच्याबाबतीत आपले असेच झाले आहे. आदिलाबाद, बेला, भैंसा या परिसरातल्या मराठी घरांत हे नाव निघाले की आधी ‘गद्दार’ हा शब्द आठवतो, आणि गाणे ऐकण्यापूर्वीच निकाल लागतो. ज्या पहिल्या गीतसंग्रहाने हे नाव रूढ केले, त्याविषयी म्हणूनच लिहावेसे वाटले.

मेदक जिल्ह्यातील तूप्रानच्या या कवीचे मूळ नाव गुम्मडी विठ्ठलराव. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेले बी. नरसिंगराव यांच्या प्रोत्साहनाने १९७१ साली त्यांनी पहिले गाणे लिहिले. त्यानंतर त्यांचा पहिला गीतसंग्रह ‘गद्दर’ या नावाने निघाला. त्यामागे १९१३ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या गदर पक्षाची आठवण होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या गदर चळवळीत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच कार्यापायी १९१५ साली लाहोरला फासावर गेले. म्हणजे हे नाव मराठी माणसाला मुळीच परके नाही. ‘गदर’ आणि ‘गद्दार’ यांचा अरबी धातू एकच. पण एकाचा अर्थ बंड, दुसऱ्याचा फितूर. लोकांनी संग्रहाचे नाव कवीलाच देऊन टाकले आणि विठ्ठलराव मागे पडले. पहिल्याच कृतीने कर्त्याचे नाव बदलावे, असे भाग्य फार थोड्यांना लाभते.

या गाण्यांचे बळ कशात आहे? माझ्या मते ते संबोधनात आहे. पहिल्या गाण्याचा रोख सरळ रिक्षा ओढणाऱ्या माणसाकडे आहे : थांब, मी आलो. कवी त्याच्याविषयी कळवळून लिहीत नाही, त्याच्याशी बोलतो. दलितांविषयी लिहिणे आणि दलितांशी बोलणे यांतला फरक मराठी वाचकाला अण्णा भाऊ साठे यांच्यामुळे ठाऊक आहे. दुसरा विशेष चालीचा. गद्दर यांनी नवी चाल शोधण्याचा हट्ट धरला नाही. शेतावर, जात्यावर, पाळण्यापाशी जी चाल लोकांच्या तोंडी होती, तीच घेऊन तिच्यात नवे शब्द भरले. बुर्रकथेत मुख्य कथेकऱ्याच्या दोन बाजूंना दोन साथीदार असतात. आपल्या शाहिराचे झीलकरी ते हेच. खांद्यावरच्या कांबळ्याला तेलुगूत ‘गोंगडी’ म्हणतात. आपली घोंगडी तीच. रंगमंचावर ही गोंगडी, हाती काठी आणि पायी घुंगरू घेऊन गद्दर उभे राहत, तेव्हा भाषा न कळणाऱ्यालाही निम्मे गाणे कळत असे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी ‘माझी मैना’ या छक्कडीत विरहाच्या लावणीतून सीमाभागाचे दुःख मांडले. १९५६ साली किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण इकडे राहिलो. त्यामुळे ती छक्कड आपल्याला जवळची वाटते. जुन्या चालीतून नवे दुःख सांगण्याची हीच रीत शेजारच्या भाषेत गद्दर यांनी चालवली. एकीला साहित्य म्हणायचे आणि दुसरीला नुसता प्रचार, हा न्याय मला पटत नाही.

दोषही सांगायला हवेत. या गाण्यांतला जमीनदार नेहमी एकाच रंगाचा असतो, आणि जिथे घोषणा शिरते तिथे कडवे सैल पडते. बंदुकीने सुटका होते, हा विश्वास मला कधीच मान्य झाला नाही. खुद्द गद्दर यांनीही अखेरच्या काळात तो मार्ग सोडला आणि २०१८ साली आयुष्यात पहिल्यांदा मतदान केले. पण भूमिका बदलली म्हणून गाणे रद्द होत नाही. भूमिकेपेक्षा चाल अधिक टिकते, आणि त्या चालीत बसलेला कष्टकऱ्याशी संवादही टिकतो.

मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. आपली मुले तेलुगू शिकतात ती नोकरीसाठी, कचेरीसाठी, बाजारासाठी. त्या भाषेत कविता आहे, हे त्यांना घरातून कोणी सांगत नाही. शेजारच्या भाषेचे गाणे कळले म्हणून आपली मराठी उणी होत नाही. उलट अण्णा भाऊ अधिक कळतात. दोघांची गाणी शेजारी ठेवून एखादा तास घ्यावा, एवढे तरी आपल्या मराठी शाळांना जमण्यासारखे आहे.

६ ऑगस्ट २०२३ रोजी गद्दर गेले. हैदराबादजवळ अलवाल येथे त्यांनी स्वतः सुरू केलेल्या महाबोधी विद्यालयाच्या आवारात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. बंडाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या कवीने आपल्यामागे एक शाळा ठेवली, हेही आपल्या मुलांना सांगायला हवे.