खंडानंतरचीं चित्रें

निफाडच्या एका स्नेह्यांनीं संगणकावर काढलेलीं चित्रें नुकतींच पाहण्यांत आलीं. पहिला संच 2012 चा, दुसरा यंदाचा. मधलीं वर्षें संसारांत गेलीं. विषय एकच, नांदूर मध्यमेश्वरचें पाणी. (महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ ठरलें तें हेंच.)

जुन्या चित्रांत पक्ष्याचें पीस न् पीस मोजलेलें आहे, परंतु पक्षी उडत नाहीं. कळ दाबतांच चुकलेली रेघ पुसली जाते. म्हणून ती पुनःपुन्हां ओढली गेली आणि निर्जीव झाली. यंदाच्या रोहिताच्या मानेची रेघ थोडी चुकलीच आहे, पण मान वळते. खंडांत हात थांबला होता. पहाटे पाण्यावर जाणें सुटलें नव्हतें.

1984 च्या अपघातानंतर वासुदेव गायतोंडे ह्यांना मोठे कॅनव्हास कांहीं वर्षें सोडावे लागले; त्या काळांत त्यांनीं कागदावर शाईचीं लहान चित्रें केलीं. तुलना मोठी आहे, हें आम्हीं जाणतों.

रंगांविषयीं मात्र तक्रार आहे. कांचेवर झळकणारी ही निळाई गोदावरीची नव्हे. निफाडच्या थंडींत तें पाणी राखाडी दिसतें. ती निळाई जाईपर्यंत हीं चित्रें पुरीं झालीं, असें आम्ही म्हणणार नाहीं.