पारोळ्याचा भुईकोट : एका गळलेल्या क्रियापदाविषयी

पारोळ्याच्या भुईकोटासंबंधी मराठीत जे लेखन आढळते, त्याचा आरंभ बहुधा एकाच विधानाने होतो : जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी हा किल्ला इ. स. १७२७ मध्ये बांधला. हे विधान ज्या इंग्रजी गॅझेटियरांतून आपल्याकडे आले, तेथे त्याचे रूप मात्र निराळे आहे. मूळच्या पन्नास घरांच्या खेड्याचे या गृहस्थाने तटबंदीचे शहर केले व किल्लाही त्यानेच बांधला, ही हकीकत तेथे सांगोवांगी म्हणून नोंदलेली आहे. मराठीत येताना 'बांधला' हे क्रियापद टिकले; 'असे सांगतात' हे गळाले.

ही गळती क्षुल्लक नव्हे. वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी संस्कृत वैयाकरणांनी स्वतंत्र लकार मानला. मराठीत 'म्हणे' हा लहानसा शब्द तेच काम करतो. तो गाळला की दंतकथेचा इतिहास होतो, आणि पुढील संशोधनाची वाट तेथेच बंद होते.

व्यक्तिनामाचेही तसेच. मराठी रीतीने वाचल्यास 'दामोदर' हे आडनाव नसून आजोबांचे नाव असण्याचा संभव आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याचा पारोळ्याशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. तेव्हा हरी सदाशिव हा दामोदराचा नातू धरून १७२७ हे साल त्या घराण्याच्या वंशावळीशी ताडून पाहणे अवश्य आहे. पिढ्यांचा हिशेब जुळला नाही, तर नाव आणि साल यांपैकी एक सोडावे लागेल.

वास्तू स्वतः काय सांगते? सुमारे ५२५ फूट लांब व ४३५ फूट रुंद असा हा लंबचौकोन सव्वापाच एकरांच्या आसपास भरतो. सपाट मुलखात उंचीचा आसरा नाही. म्हणून संरक्षणाचा भार खंदक, तट व बुरूज यांवर टाकलेला आहे. पण किल्ला बाजारपेठेला लागून आहे, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची. जहागीरदाराची वस्ती, वसुली आणि दरारा यांचे हे एकत्र ठाणे होते, असे आमचे मत आहे. 'किल्ला' या शब्दामुळे त्यातील वाडा आपल्या दृष्टीआड होतो.

१७२७ हेच दुसऱ्या जॉर्जच्या राज्यारोहणाचे वर्ष. त्या काळातील अनेक इंग्रजी ग्रामीण प्रासादांचे नकाशे, हिशेब व पत्रे उपलब्ध आहेत, आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने अशा वास्तूंच्या नोंदणीस राष्ट्रव्यापी आधार दिला. पारोळ्याचे प्राक्तन वेगळे. १८२१ साली कॅप्टन ब्रिग्ज यांच्या हत्येचा प्रयत्न झाला, त्यात गावावर ठपका आला. १८५९ साली सरकारने मिळकत जप्त करून किल्ला निकामी केला. १८८० चे खानदेश गॅझेटियर त्यानंतर एकवीस वर्षांनी निघाले. ज्या सत्तेने वास्तू मोडली, तिच्याच दप्तरावर आपण वास्तूच्या जन्मासाठी विसंबतो. विशेष हे की, त्या दप्तराने निदान संशय नोंदवला; आपण तोही पुसून टाकला.

म्हणून पुढील अभ्यासकाने पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तराच्या मोडी कागदांत पारोळ्याचा शोध घ्यावा आणि तटाच्या बांधणीचे टप्पे प्रत्यक्ष मोजावेत. तोपर्यंत 'बांधला' असे न लिहिता 'बांधला असे सांगतात' असेच लिहावे. दोन शब्द वाढतील. पण विधान खरे राहील.